चिंतेचा रकाना

काकूंची नजर म्हणजे नजर होती. खोलीच्या दारात उभं राहून त्या एकदाच आत बघायच्या आणि म्हणायच्या, "पडद्याची एक कडी निसटलीय, बाथरूमचा नळ ठिबकतोय आणि पलंगाखाली कुणाचा तरी मोजा राहिलाय." मोजा असायचाच. दारातून नळाचं कसं कळलं, असं एखाद्या नव्या मुलीने विचारलं तर म्हणायच्या, "कान काय नुसते डूल घालायला दिलेत?"

विमानतळाजवळच्या त्या सहा मजली हॉटेलात त्यांना तेवीस वर्षं झाली होती. हातात झाडू घेऊन लागल्या आणि चढत चढत सुपरवायझर झाल्या. खोल्या आवरणाऱ्या अठरा बायका आणि चादरी-टॉवेलांची खोली सांभाळणारे मामा, अशी एकोणीस माणसं त्यांच्या हाताखाली. त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्या असलेल्या बायकाही त्यांना काकूच म्हणत. रागावल्या की मजला हादरायचा, पण कुणाच्या घरी दुखलंखुपलं तर पहिल्या जाणार त्याही काकूच.

त्यांच्या कामाचा सगळा भार एका कागदाच्या कपट्यावर होता. त्याला तिथे सगळे बिघाडाची चिठ्ठी म्हणत. खोलीत काही मोडलेलं, गळणारं, उडालेलं दिसलं की ते चिठ्ठीवर लिहून खाली द्यायचं. मग ती खोली पाहुण्यांना देणं थांबतं, दुरुस्तीवाला येतो, काम करतो आणि खोली पुन्हा सुरू होते. बाकीचे सुपरवायझर बिघाड झाकायचे, कारण खोली बंद पडली की वरून बोलणी बसतात. काकू मात्र केसाएवढी चीर दिसली तरी लिहायच्या. "दुखणं झाकून बरं होतं का कधी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तेवीस वर्षांत त्यांची एकही चिठ्ठी वाया गेली नाही. म्हणून त्यांच्या मनाने पक्कं धरलं होतं की खरं ते नीट लिहून योग्य माणसाच्या हाती दिलं की गोष्ट दुरुस्त होते. माणूस जन्मभर जे काम करतो, त्याच रीतीने सगळं जग चालतं असं त्याला वाटायला लागतं. काकूंचं तेच झालं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

सीमेपलीकडे लढाई सुरू झाली तेव्हा पहिले दोन दिवस कुणाला काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी विमानं बंद झाली. विमानतळाजवळचं हॉटेल विमानांवरच जगतं. संध्याकाळपर्यंत पाहुणे बॅगा ओढत निघून गेले. कुणी अर्धा चहा तसाच टाकला, कुणी ओले कपडे खुर्चीवर. पुढच्या आठवड्यात सहावा मजला बंद केला, मग पाचवा, मग चौथा. बायका रोज सकाळी सात वाजता नेहमीसारख्या रांगेत उभ्या राहायच्या, काकू कामं वाटायच्या, पण वाटायला कामच नव्हतं. न वापरलेल्या चादरी काढून पुन्हा धुवायला टाकायच्या, स्वच्छ काचा पुन्हा पुसायच्या. जिच्या हसण्याने आख्खा मजला जागा व्हायचा, जिला सगळे हसरीच म्हणायचे, ती सुद्धा गप्प झाली. काकूंना ते सगळ्यात वाईट वाटलं.

या अठरा जणींत एक काकूंच्या घरचीच होती. त्यांची धाकटी जाऊ. तिला काकूंनीच चार वर्षांपूर्वी इथे लावलं होतं. दोघे भाऊ एकाच घरात, दोन खोल्या यांच्या, दोन त्यांच्या, स्वयंपाकघर एक. काकूंचे यजमान शाळेत शिपाई होते, आता घरी बसून गुडघ्यांना तेल लावायचे. दीर विमानतळावर टॅक्सी चालवायचा. विमानं बंद म्हटल्यावर टॅक्सी दारात उभी आणि दीर ओट्यावर बसलेला. म्हणजे दोन्ही घरांची चूल या दोन जावांच्या नोकरीवर. धाकटीची नोकरी गेली तर तिच्या दोन मुलांच्या ताटात काय वाढायचं, हा प्रश्न घरात कुणी तोंडाने काढत नव्हतं, पण जेवताना सगळ्यांच्या मनात तोच असायचा.

अशात एके दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना खालच्या हॉलमध्ये बोलावलं. लग्नाच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पांढरी कापडं आणि मागे गाठी. साहेब चांगलं बोलले. त्यांचा आवाजही भरून आला. "आपण एक कुटुंब आहोत. संकटात कुटुंब काय करतं? एकमेकांची चिंता वाटून घेतं." पुढे असंही म्हणाले की चिंता मनात ठेवू नका, आम्हाला सांगा. हसरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा शेजारी बसले होते, ते म्हणाले, "कुटुंबात जेवायला एकत्र बसतात. यांचं जेवण वरच्या मजल्यावर असतं." काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं.

सभा संपल्यावर नोकरभरतीच्या मॅडमनी काकूंना खोलीत नेलं. तरुण, गोड बोलणारी बाई. समोर एक कोरी वही ठेवली. "काकू, बायका आमच्याशी मोकळेपणाने बोलणार नाहीत. तुमच्याशी बोलतील. एकेकीला विचारा, तिला कसली चिंता आहे. नाव, चिंता आणि आपण काय केलं तर तिला बरं वाटेल, असे तीन रकाने आखा. वही माझ्याशिवाय कुणी बघणार नाही."

काकूंना भरून आलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी बायकांच्या बिघाडाची चिठ्ठी मागत होतं. घरी जाऊन त्यांनी पट्टी घेऊन रकाने आखले, आणि यजमानांना म्हणाल्या, "शिकलेली माणसं शेवटी शिकलेली असतात हो. कशी विचार करतात बघा." यजमान तेल लावत होते. ते नुसते "हं" म्हणाले.

चादरींच्या खोलीत स्टूल टाकून काकू चार दिवस बसल्या. एकेक बाई यायची, आधी "काही नाही हो काकू" म्हणायची आणि मग तासभर बोलायची. उंच बाईच्या नवऱ्याचं मूत्रपिंड गेलं होतं, आठवड्यातून दोनदा त्याला दवाखान्यात न्यावं लागायचं. एकीला चौथा महिना लागला होता आणि सासूशिवाय कुणाला माहीत नव्हतं. हसरीची पाठ गेली होती. गादी उचलताना तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकायचे, आणि ती ते हसून झाकायची. काकूंना हे तेव्हाच कळलं. पडद्याची निसटलेली कडी दिसणाऱ्या बाईला हसरीची पाठ दिसली नव्हती, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी सगळं लिहिलं, शब्दन् शब्द, सुवाच्य अक्षरात.

आणि तिसऱ्या रकान्यात काय होतं? आकाशातले तारे कुणीच मागितले नव्हते. उंच बाईला आठवड्यातून दोन दिवस एक तास उशिरा यायचं होतं. चौथ्या महिन्यातलीला जिना नको होता. हसरीला गादी उचलताना समोरून दुसरीचा हात हवा होता. आणि निम्म्याहून जास्त बायकांनी एकच सांगितलं होतं: जे काय खरं आहे ते दर सोमवारी आम्हाला सांगा, वाईट असलं तरी सांगा, म्हणजे शेजारणीच्या तोंडून ऐकावं लागणार नाही. एवढंच. साहेबांना त्यासाठी फक्त जिने उतरून यायचं होतं.

मामांची पाळी आली तेव्हा ते टॉवेलांच्या थप्प्या मोजत राहिले. काकू म्हणाल्या, "बोला मामा, कसली चिंता?"

"या वहीची."

"मस्करी नको. लिहायचंय मला."

"मग लिहा, काही नाही. ठणठणीत. काकू, एक सांगू? आपलं पोट दुसऱ्यापुढे उघडं करू नये. आत काय आहे ते बघून माणूस औषध देईलच असं नाही."

"तुम्ही जन्मभर संशयीच राहणार," असं म्हणून काकूंनी चिडून 'काही नाही' लिहिलं. मामांना मधुमेह होता, हे त्यांना ठाऊक होतं. पण ज्याला आपलं भलं नको त्याच्यामागे किती लागायचं?

धाकटीला सगळ्यात शेवटी बोलावलं. तिची चिंता काकूंना माहीतच होती. धाकट्या मुलाच्या वेळेपासून तिला फिट यायची. चार वर्षांत तीनदा आली होती, तिन्हीदा घरी. गोळी चालू होती. हॉटेलात कुणाला पत्ता नव्हता.

"ताई, माझं नका लिहू," ती म्हणाली.

"का?"

"नका लिहू एवढंच. बाकी काहीही लिहा."

"सगळ्यांचं उघडं करायचं आणि घरचं तेवढं झाकायचं? उद्या कुणी तोंडावर म्हणालं तर मी काय सांगू? आणि अगं वेडे, हे सांगायलाच तर वही आहे. त्यांना कळलं तर तुला सांभाळून घेतील."

"ताई, मला भीती वाटते."

"मी आहे ना."

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. थोरल्या जावेचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. काकूंनी लिहिलं: फिट येते. गोळी चालू. एकटी ठेवू नये. अक्षर जरा जास्तच वळणदार आलं, कारण घरच्या माणसाचं होतं.

वही दिली त्याच्या बाराव्या दिवशी लिफाफे आले. अकरा. काकूंनीच वाटायचे होते, कारण बायकांचा त्यांच्यावर विश्वास. लिफाफे बंद होते. काकूंना वाटलं, तिसऱ्या रकान्याची उत्तरं आली. हसत हसत वाटले त्यांनी, अगदी प्रसाद वाटावा तसे, आणि धाकटीला डोळ्यांनी खुणावलं की बघ, सांगितलं होतं की नाही.

पहिला लिफाफा उंच बाईने फोडला. वाचलं, पुन्हा वाचलं आणि कागद काकूंच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं की आपल्या पतीच्या आजारपणामुळे आपल्यावर असलेला ताण संस्थेने सहानुभूतीने लक्षात घेतला असून, आपणास कुटुंबाकडे पूर्ण लक्ष देता यावे यासाठी पुढील सूचना मिळेपर्यंत कामातून मोकळे करण्यात येत आहे. हसरीच्या कागदात पाठीच्या विश्रांतीसाठी होतं. चौथ्या महिन्यातलीच्या कागदात होणाऱ्या बाळाचं अभिनंदन होतं, आणि ते तिने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, कारण तिला वाटलं की चांगलं काही असेल. धाकटीच्या कागदात काकूंचंच वाक्य होतं, थोडं इस्त्री केलेलं: आपणास एकटे ठेवणे योग्य नसल्याने.

ज्या आठ जणांना लिफाफा मिळाला नाही त्यांत मामा होते. त्यांनी काकूंकडे बघितलं नाही. 'मी म्हणालो नव्हतो का' असं म्हणायचा हक्क असलेला माणूस गप्प बसतो तेव्हा तो फार चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला त्याने बरं वाटत नाही.

काकू तडक मॅडमच्या खोलीत गेल्या. ठोठावलं सुद्धा नाही. "तुम्ही म्हणालात, कुणी बघणार नाही."

"बसा ना काकू. पाणी घ्या."

"अकरा जणी घरी बसवल्या तुम्ही. माझ्या वहीवरून."

"कुणाला तरी कमी करावंच लागणार होतं. पाहुणेच नाहीत," मॅडम अगदी शांतपणे म्हणाली. "मग चिठ्ठ्या टाकायच्या का? ज्यांना खरंच विश्रांतीची गरज आहे त्यांना आधी मोकळं केलं. आजारी बाईला कामाला जुंपणं ही माणुसकी आहे का? आणि खोलीत बिघाड असला की तुम्हीच ती बंद करता ना?"

"बंद करते ती दुरुस्त करायला," काकू म्हणाल्या. "तिसरा रकाना वाचलात का?"

मॅडमनी वही चाळली. खरंच चाळली बिचारीने. तिचा चेहरा सांगत होता की त्या पानांवर असा एक रकाना आहे हे ती आत्ता बघतेय. "छान सूचना आहेत," ती म्हणाली.

काकू येताना ठरवून आल्या होत्या. मजल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटायचा आणि चालू पडायचं. हात कमरेपर्यंत गेलाही. मग त्यांना ओट्यावर बसलेला दीर दिसला, गुडघ्यांना तेल लावणारे यजमान दिसले, धाकटीची दोन पोरं दिसली. आता त्या घरात कमावणारी एकच उरली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. किल्ल्या कमरेलाच राहिल्या, आणि काकू "येते" म्हणून बाहेर आल्या. त्या 'येते' शब्दाची चीड त्यांना पुढे कितीतरी दिवस येत राहिली.

घरी भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. काकू त्याची तयारी करून होत्या, शिव्या खायलाही तयार होत्या. धाकटी भांडलीच नाही. उलट सकाळचा डबा भरून द्यायला लागली, कारण आता ती घरी आणि काकू कामावर. फक्त एक बदल झाला. पहिल्याच सकाळी डबा पुढे करत ती म्हणाली, "काकू, डबा."

ताई नाही. काकू. हॉटेलातल्या सतरा जणी म्हणत तसं. पोरांना वाटलं आई गंमत करतेय. दीर खाली बघत राहिला. तेव्हापासून त्या घरात थोरल्या जावेला जाऊ उरली नाही.

चार महिने असेच गेले. मधे एकदा दुपारी, काकूंच्या सुट्टीच्या दिवशी, धाकटीला फिट आली. शेगडीपासून हातभर अंतरावर पडली. काकूंनी तिला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं, पोरांना बाहेर पाठवलं. शुद्धीवर आल्यावर धाकटीने आधी डोकं मांडीवरून बाजूला घेतलं आणि मग पाणी मागितलं.

मग लढाई थांबली म्हणे. लढाया कशा थांबतात ते लढणाऱ्यांना ठाऊक, पण विमानं सुरू झाली. दिराची टॅक्सी हलली, पण तिच्यामागे चार महिन्यांची उधारी होती. हॉटेलचे मजले खालून वर उघडायला लागले. मॅडमनी काकूंना बोलावलं. तीच वही पुढे केली. "अकरा जणींना फोन करा. विचारा, ती चिंता अजून आहे का. ज्यांची मिटली असेल त्यांना परत घेऊ. चौथा रकाना आखा."

काकूंनी चादरींच्या खोलीत बसून फोन लावले. हसरी म्हणाली, "पाठ? कुठली पाठ? काही नाही काकू, नाचून दाखवू का?" आणि हसली, पण हसताना मधेच तिचा श्वास अडकला. चौथ्या महिन्यातलीला आता आठवा होता. ती म्हणाली, मला काही नाही, मी बाळंत झाले की आठवड्यात येते, नाही तर आधीच येते. उंच बाईने जरा वेळाने फोन घेतला.

"काकू, चिंता मिटली," ती म्हणाली. "दहा दिवस झाले त्यांना जाऊन. आता वेळेवर येईन. एक तास पण नको उशीर."

काकूंचं पेन रकान्यावरच थांबलं. तिकडून तीच म्हणाली, "लिहा ना काकू. काही नाही म्हणून."

त्यांनी लिहिलं. दहा नावांपुढे दहा वेळा 'काही नाही'. तेवीस वर्षांत एक खोटी चिठ्ठी न लिहिलेल्या बाईने एकाच सकाळी दहा लिहिल्या, आणि अक्षर तितकंच सुवाच्य होतं. मामा थप्प्या मोजायचे थांबले होते.

अकरावं नाव घरचं. काकूंनी वही पिशवीत घालून घरी नेली. धाकटी भांडी घासत होती. काकू तिच्याशेजारी उभ्या राहिल्या आणि वही न काढताच म्हणाल्या, "परत घेतायत. मला विचारायला सांगितलंय, की तुझं ते..."

"काही नाही," धाकटी म्हणाली. हात थांबले नाहीत तिचे.

"अगं, मागच्याच महिन्यात माझ्यासमोर..."

"तुमच्यासमोर काय झालं, काकू?"

काकूंनी तिथेच, ओट्यावर वही ठेवून, लिहिलं. पानावर पाण्याचा थेंब पडला, तो पदराने टिपला. तो भांड्यांचा होता की डोळ्यांचा, याबद्दल मी खोटं सांगणार नाही: डोळ्यांचा होता.

अकराही जणी परत आल्या. कामावर घेताना साहेबांनी पुन्हा हॉलमध्ये भाषण केलं की आपल्या कुटुंबातल्या एकाही माणसाला आता कसलीही चिंता नाही, आणि संकटात माणसं कशी सांभाळावी हे इतर हॉटेलांनी आपल्याकडून शिकावं. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत उंच बाई होती. ज्याअर्थी कुणाला काही दुखतखुपत नाही, त्याअर्थी प्रत्येकीला रोजच्या चौदा खोल्यांऐवजी सोळा दिल्या गेल्या.

पहिल्याच आठवड्यात धाकटीच्या वाट्याला सहाव्या मजल्यावरचे मोठे पडदे आले. चार महिने बंद असलेल्या खोल्या, पडदे धुळीने जड झालेले. ते कड्यांतून काढायचे तर उंच स्टूलवर चढून दोन्ही हात वर करावे लागतात, आणि शेजारीच जमिनीपासून छतापर्यंत काच. काकूंनी ते काम दुसरीला द्यायचा विचार केला, पण कारण काय सांगणार? वहीत तर काही नव्हतं. म्हणून आपली कामं टाकून त्या वर गेल्या. धाकटी स्टूलवर होती. काकू काही न बोलता खाली वाकल्या आणि दोन्ही हातांनी स्टूलचे पाय घट्ट धरले.

पाच-सहा कड्या निघाल्या. मग वरून आवाज आला, हळू, दाराकडे लक्ष ठेवून.

"काकू, सोडा. कुणी बघितलं तर लिहून ठेवील."

बाहेर लिफ्टची घंटी वाजली. कुणीतरी बोलत येत होतं. काकूंनी स्टूल सोडलं आणि दोन पावलं मागे सरून उभ्या राहिल्या.